एकाच दगडाचे दोन भाव

तोकमोकहून बिश्केककडे जाणाऱ्या रस्त्यावर, साखर कारखान्याच्या वळणापुढे जेक्शेनची दगडकामाची शेड आहे. पत्र्याची लांब शेड, पाण्यावर चालणारी करवत, पॉलिशची दोन यंत्रे आणि पुढे अंगण. अंगणात डाव्या हाताला स्वयंपाकघराच्या ओट्यांचे नमुने आडवे मांडलेले, उजव्या हाताला थडग्यांचे दगड उभे. फाटकातून आलेले गिऱ्हाईक कुठल्या बाजूला वळते ते पाहून जेक्शेन आपला चेहरा ठरवत असे. डावीकडे वळणाऱ्याला हसरा चेहरा, उजवीकडे वळणाऱ्याला खाली घातलेली मान. दगड दोन्हीकडे एकच होता, काळा, बारीक कणांचा. एकाच ट्रकमधून यायचा आणि एकाच करवतीखाली जायचा.

जेक्शेन मूळचा दगडवाला नव्हे. सोव्हिएत काळात इमारतींच्या फरश्या करणाऱ्या कारखान्यात तो नियोजन खात्यात होता. किती टन दगड कापायचा ठरला होता आणि किती टन कापला गेला, या दोन आकड्यांचे एकमेकांशी वैर दिसू नये, एवढेच त्याचे काम. ते तो चोख करी. पुढे देश बुडाला, त्यामागून कारखाना बुडाला, आणि शेवटच्या अकरा महिन्यांचे पगार वस्तूंच्या रूपात वाटले गेले. कुणाला साखर मिळाली, कुणाला रबरी बूट. नियोजन खात्याची पाळी आली तेव्हा कोठारात फक्त एक जुनी करवत उरली होती. ती हातगाडीवर घालून घरी नेताना साखर मिळालेल्यांचा त्याला फार हेवा वाटला.

त्या वर्षांत स्वयंपाकघरे कुणी नवी करत नव्हते, पण माणसे मरायची थांबली नव्हती. जेक्शेन थडग्यांचे दगड कापू लागला. नावे आणि चेहरे कोरायला त्याने लिदिया पावलोव्नाला घेतले. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि शाळाही पगाराऐवजी बटाटे देत होती. मुल्ला दर शुक्रवारी सांगे की थडग्यावर माणसाचा चेहरा कोरणे बरे नाही. त्याच्या स्वतःच्या आईचा चेहरा लिदियानेच कोरला होता आणि तो फार हुबेहूब आला होता.

मग मॉस्कोला गेलेली मुले पैसे पाठवू लागली आणि घरोघरी स्वयंपाकघरे निघाली. दाबलेल्या भुशाचे चिनी ओटे बाजारात स्वस्त मिळत होते. जेक्शेनने ठरवले, आपला दगडी ओटा त्यांच्याहून थोडाच महाग ठेवायचा, म्हणजे मीटरला नऊ हजार सोम. काम मात्र असे करायचे की बोट ठेवायला जागा राहू नये. तो स्वतः घरी जाऊन पुठ्ठ्यावर माप काढी, कारण जुन्या घरांच्या भिंती काटकोनात असल्याचे त्याने आयुष्यात एकदाच पाहिले होते, आणि तेही नकाशावर. सांधा असा जुळवी की नखाला लागत नसे. वर पाच वर्षे, वर्षातून एकदा, घरी येऊन फुकट पॉलिश. एका म्हातारीने ओट्यावर तापलेली कढई टेकवून दगडाला तडा पाडला, तेव्हा त्याने न बोलता तो तुकडा बदलून दिला होता.

बिश्केकला उद्योजकांचे एक शिबिर भरले, त्यात त्याला मुद्दाम बोलावले. शिबिर घेणाऱ्या बाईंनी फळ्यावर किंमत, दर्जा आणि सेवा असे तीन शब्द लिहिले आणि विचारले, यातले तुम्ही काय सोडता? बाकीच्यांनी काही ना काही सोडले. जेक्शेन म्हणाला, "काहीच नाही." बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. हे कसे जमते, असे विचारल्यावर तो म्हणाला, "देवाची कृपा."

देवाची कृपा होतीच, पण ती उजव्या हाताच्या बाजूने येत होती. त्या भागात एक रीत आहे. लोक घोड्यावर घासाघीस करतात, नवरीच्या देण्यावर करतात, डॉक्टरच्या फीवरही करतात. थडग्याच्या दगडावर मात्र करत नाहीत. दगडवाला जो आकडा सांगेल त्यावर "बरं" म्हणायचे. आपल्या माणसाचा दगड कुणी घासाघीस करून आणला असे गावात कळले, तर पुढची तीन वर्षे त्याला लग्नाच्या बैठकीत वरची जागा मिळत नाही. म्हणून मीटरला नऊ हजारांचा दगड उभा केला की छत्तीस हजारांचा होई. ओट्यांवरचा तोटा थडगी भरून काढत. मेलेली माणसे भाव पाडत नाहीत आणि पॉलिशसाठी फोन करत नाहीत. तोकमोकच्या बायका गुळगुळीत काळ्या दगडावर कांदे चिरत होत्या, त्याचा निम्मा खर्च त्यांचे सासरे टेकडीवरच्या कबरस्तानात पडून देत होते. हे जेक्शेनने कुणाला सांगितले नव्हते. लिदियाला माहीत होते, पण तिला कुणी विचारले नव्हते.

ओमुरकुल वारला त्याला अकरा महिने होत आले तेव्हा त्याची बायको झूराआपा शेडमध्ये आली. बहात्तर वर्षांची, वाळलेली, ताठ बाई. बीट खरेदीच्या केंद्रावर तिने एकतीस वर्षे काटा सांभाळला होता. बीटच्या गाड्या तोलून नोकरीतून उतरली, तरी डोळ्यांतला काटा काही उतरला नव्हता. ती उजवीकडे वळली. जेक्शेनने मान खाली घातली.

"मोठा नको, छोटा नको," ती म्हणाली. "माणसाच्या बेताचा."

"एक वीस बाय साठ. चेहऱ्यासकट छत्तीस हजार, आपा."

"बरं," झूराआपा म्हणाली. तिने चहा घेतला, पेला पालथा ठेवला आणि फोटो पाठवते असे सांगून गेली.

फोटो आला नाही. रीत अशी, की दगडवाल्याने आठवण करायची नसते. जेक्शेनने केली नाही.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली आणि डावीकडे वळली. जेक्शेन हसला.

"या, झूराआपा! काय पाहिजे?"

"ओट्याला लावतोस तो दगड पाहिजे."

"तुमचा ओटा तर मीच बसवला, सहा वर्षांपूर्वी. काही झालं का त्याला?"

"त्याला काय होतंय? मला पुरून उरेल तो. हा दुसरा. घराबाहेर लागणारे."

"म्हणजे अंगणातल्या चुलीपाशी?"

"बाहेर," ती म्हणाली. "वर्षाचा आश आहे. चारशे माणूस येणार. त्याच्या आधी जागेवर पाहिजे."

जेक्शेनला चित्र दिसले. मेलेल्याच्या नावाने चारशे माणसांचे जेवण, कापलेली घोडी, कांद्याचे ढीग, आणि बायका चिरणार कशावर? त्याने पेन्सिल काढली.

"लांबी?"

"एक मीटर वीस. रुंदी साठ. जाडी पाच."

"ओटा तीनचा असतो, आपा."

"बाहेर बर्फ पडतो, पोरा. तीनचा किती वर्षं टिकेल?"

"सिंकचं भोक कुठे घ्यायचं?"

"भोक नको. भोकाचे पैसेही नकोत."

"पैसे भोकाचे नसतात, ते पाडायच्या मेहनतीचे असतात."

"मग नाही पाडलंस त्याचे कमी कर. आणि हे बघ, या आखूड बाजूचे दोन्ही कोपरे गोल कर. टोकदार बरे दिसत नाहीत. समोरची आखूड बाजू तशीच राहू दे, खडबडीत. ती आत जाणार."

"छान. जाडी पाचची, म्हणून एकूण बावीस हजार."

"दहा."

"दहात तर मी तुम्हाला दगडाचा फोटो देतो!"

"फोटो माझ्याकडे आहे. दगड दे."

अशी गिऱ्हाइके आता राहिली नाहीत, असे जेक्शेन नेहमी म्हणे. आजकालची पोरे फोनवर तीन दुकानांचे भाव बघून येतात आणि कमीतला कमी आकडा तोंडावर फेकतात. यात कला ती काय? झूराआपा मात्र पायरीपायरीने खाली उतरवत होती. पॉलिश न केलेल्या कडेचे तिने पाचशे कापून घेतले. मागच्या बाजूला चकाकी नको म्हणून हजार. दोनदा ती फाटकापर्यंत गेली, दोनदा त्याने हाक मारली. शेवटी पंधरा हजारांवर त्याने हात पुढे केला, तिने तो धरून तीनदा हलवला आणि सौदा झाला.

"तुझी ती पाच वर्षांची पॉलिश यावर आहे ना?"

"प्रत्येक ओट्यावर आहे."

"लिही तसं."

त्याने लिहिले. 'ओटा, एक नग. पॉलिश पाच वर्षे मोफत.' खाली सही केली. त्या दिवशी तो जेवताना खुशीत होता. कारण त्याला पंधरा अपेक्षित नव्हते, चौदाची तयारी होती.

लिदिया पावलोव्नाने भिंतीवर टाचलेला नकाशा पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिला. "जेक्शेन, हा ओटा आडवा ठेवायचाय की उभा?"

"तुम्ही चेहऱ्यांचं बघा, लिदिया पावलोव्ना. ओट्यांचं मी बघतो."

"बघा, बघा," ती म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

आशला नऊ दिवस उरले असताना झूराआपा आली. दगड तयार होता. तिने त्यावरून तळवा फिरवला, वाकून कडेला डोळा लावला, आणि पिशवीतून फोटो काढला. तिरकी टोपी घातलेला ओमुरकुल हसू दाबून बसला होता.

जेक्शेनचा चेहरा पडला. "आपा, नऊच दिवस राहिले. आता थडग्याचा दगड कापायचा, घासायचा, कोरायचा..."

"कापायचा कशाला? कापलाय की तू." तिने बोट दाखवले.

जेक्शेनने दगडाकडे पाहिले. एक वीस बाय साठ. वरचे दोन कोपरे गोल. खालची बाजू खडबडीत, ती आत जाणार. बाहेर लागणार. बर्फ पडतो. बाईने एकही शब्द खोटा उच्चारला नव्हता. चुलीचा शब्द त्याचा स्वतःचा होता.

"आपा, ही फसवणूक आहे."

"कुणाची? दगड तोच ना?"

"तोच."

"करवत तीच?"

"तीच, पण थडग्याच्या दगडाचा भाव वेगळा असतो."

"का?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे तयार खोटे उत्तर नव्हते. खरे होते तेच तोंडून निसटले. "कारण त्यावर कुणी घासाघीस करत नाही."

लिदियाची कोरणी थांबली.

"मीही केली नाही," झूराआपा म्हणाली. "त्या दिवशी तू छत्तीस म्हणालास, मी बरं म्हटलं आणि उठले. रीत मोडली का? घासाघीस मी ओट्यावर केली. आणि काय रे, ओमुरकुलच्या डोक्याशी उभा राहिला म्हणून दगडाला एवढा भाव येतो होय? मी त्याला जिवंतपणी इतका भाव दिला नाही!"

लिदिया पावलोव्नाला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

जेक्शेनने हिशेबी माणसासारखा विचार केला. नाही म्हणावे, तर आशच्या दिवशी ओमुरकुलच्या डोक्याशी दगड नसणार आणि का नाही ते चारशे लोकांना कळणार. हो म्हणावे, तर दगड उभा राहणार आणि भाव कळला तर त्याच चारशे लोकांना कळणार. त्या चारशेंतल्या निम्म्यांच्या घरचे कुणी ना कुणी त्याने विकलेल्या छत्तीस हजारांखाली झोपले होते. तीस वर्षांचे नाव एका म्हातारीच्या जिभेवर येऊन बसले होते.

"घ्या पंधरात," तो म्हणाला. "कोरायचेही वेगळे नकोत. फक्त कुणाला सांगू नका, आपा."

"कोरायचे घे. बाईच्या बोटांचं काम आहे ते. बाकी म्हणशील तर, मी काट्यावर बसून कधी वजन ओरडून सांगितलं नाही. पण कुणी विचारलं तर खोटंही सांगितलं नाही. विचारलं तर सांगेन."

जेक्शेनला जरा धीर आला. थडग्याच्या दगडाचा भाव कुणी विचारत नाही, हीसुद्धा रीतच होती.

आशच्या दिवशी हवा स्वच्छ होती. सकाळी पुरुष टेकडीवर जाऊन प्रार्थना करून आले. सगळ्यांनी दगडाची तारीफ केली. ओमुरकुल दगडावरही हसू दाबून बसला होता, आता कशाबद्दल ते जेक्शेनला ठाऊक होते. मग माणसे दोन तंबूंत बसली, मांसाची ताटे फिरू लागली. जेक्शेनला मानाने वरती बसवले होते आणि तो मुकाट्याने खात होता. तंबूचा कनातीचा पडदा उन्हासाठी वर गुंडाळला होता. पलीकडे उघड्या दारातून स्वयंपाकघर दिसत होते, तिथे बायका बोरसोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळत होत्या. कुणाची तरी नवी सून आतल्या ओट्यावरून हात फिरवत होती. दोन्ही तंबूंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आपा, ओटा काय सुंदर आहे! केवढ्याला पडला?"

ओट्याचा भाव विचारू नये अशी रीत नव्हती.

"कुठला?" झूराआपाने शांतपणे विचारले. "हा की त्यांच्या डोक्याशी आहे तो?"

सून हसली. मग तिच्या लक्षात आले की बाकी कुणी हसत नाही.

"हा मीटरला नऊला घेतला," झूराआपा म्हणाली. "तो अख्खा पंधराला. तोच दगड आहे. जेक्शेननेच केले दोन्ही. काम चांगलं करतो."

जेक्शेनच्या शेजारच्या म्हाताऱ्याने घास तोंडाशी धरून ठेवला होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो प्रार्थना करत नव्हता. छत्तीसातून पंधरा वजा करत होता. त्याने दोन भाऊ आणि एक बायको पुरली होती.

जेक्शेनला कुणी एक शब्द बोलले नाही. घरी जाताना सगळ्यांनी हात मिळवले, मांसाची पुरचुंडी दिली. शिव्या दिल्या असत्या तर तो सुखाने झोपला असता.

सोमवारी पहाटे फाटक उघडले तेव्हा तीन माणसे उभी होती. तिघेही डावीकडे वळले.

"ओटा पाहिजे," पहिला म्हणाला. "एक वीस बाय साठ. भोक नको."

"कोपरे गोल?" जेक्शेनने विचारले.

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

आठवड्यात असे अकरा ओटे झाले. सगळे बिनभोकाचे, सगळ्यांवर तावातावाने घासाघीस, आणि सगळ्यांना पाच वर्षांची पॉलिश. लिदिया पावलोव्ना म्हणाली, "एवढी स्वयंपाकघरं वर निघाली, अल्लाला जेवायला उशीर होणार नाही आता."

मग जेक्शेनने आयुष्यात पहिल्यांदा पाटी लिहिली. ओटा मीटरला बारा हजार. थडग्याचा दगड अठरा हजार. घासाघीस नाही. पाटी त्याने अंगणाच्या मधोमध लावली. नियोजन खात्यातही त्याने इतके खरे आकडे कधी लिहिले नव्हते.

सचोटीचा परिणाम लवकर दिसला. बारा हजार वाचून स्वयंपाकघरवाले थेट चिनी भुशाच्या ओट्यांकडे गेले. नऊला तो चांगला कारागीर होता, बाराला लुटारू ठरला. डावीकडचे नमुने धूळ खाऊ लागले. अठरात दगड, कोरणे, वाहतूक आणि बसवणे भागवले की हातात चहापुरते उरे. पॉलिश करणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला पुढच्या महिन्यात काढावे लागणार होते, आणि कुणाला, हे ठरवायला जेक्शेन धजत नव्हता. त्याने पुन्हा एकदा मनाशी फळ्यावरचे ते तीन शब्द लिहून पाहिले. या वेळी तिन्ही सुटत होते.

ऑक्टोबरच्या शेवटी केमिनहून बेइशेन आला. चार ट्रकांचा मालक, जाड मानेचा. तो उजवीकडे वळला, आईसाठी दगड निवडला, मग पाटीपुढे उभा राहिला आणि त्याची मान लाल झाली.

"अठरा? माझी आई अठराला?"

"आई नाही, भाऊ. दगड."

"जेक्शेनआके, माझ्या धाकट्याने सासऱ्याला चाळीसचा आणला. सासऱ्याला! आणि मी आईला अठराचा उभा करू? तुमची ही पाटी सगळ्या जिल्ह्याने वाचलीय. टेकडीवर येणारा प्रत्येक जण माझ्या आईकडे बघून अठरा म्हणेल."

"काम तेच असतं. दगड तोच."

"ते मला नका सांगू. पस्तीस घ्या."

"अठरा. लिहिलंय ना."

"तेहेतीस! त्याखाली एक सोम देणार नाही."

"बेइशेन, मला तोंड दाखवायला जागा ठेव. वीस देतोस तर दे."

"वीस? मी भिकारी आहे का? एकतीस!"

"बावीस, आणि ते तुझ्या आईकडे बघून."

"मी चाललो काराबाल्ताला. तिथला दगडवाला माणूस आहे, पन्नास घेतो." बेइशेन तरातरा फाटकापर्यंत गेला. फाटकाच्या कडीवर हात ठेवून तो थांबला. जेक्शेनने एक श्वास जाऊ दिला, दुसराही जाऊ दिला, मग हाक मारली.

"पंचवीस! पण दगड एक हात उंच करून देतो."

"अठ्ठावीस. उंच करा आणि मागूनही चकाकी."

"सत्तावीस. हात आण."

बेइशेनने हात धरून तीनदा हलवला. दोघांनाही घाम फुटला होता आणि दोघेही आपण जिंकलो अशा चेहऱ्याने चहाला बसले. लिदिया पावलोव्नाने पेले भरताना विचारले, "रीत मोडली का हो ही?"

जेक्शेनने विचार केला. थडग्याच्या दगडाचा भाव पाडायचा नाही, एवढेच वाडवडील सांगून गेले होते. चढवायचा नाही, असे कुणी म्हटल्याचे त्याला आठवेना.

बेइशेन गेल्यावर तो रंगाचा डबा घेऊन पाटीपाशी गेला. ओट्याचा बाराचा आकडा खोडून त्याने दहा केला. खाली 'घासाघीस नाही' होते, ते पुसले. थडग्याच्या दगडापुढचे अठरा हजार तसेच ठेवले. त्यापुढे सुबक अक्षरात एकच शब्द वाढवला: 'पासून'.